आडात नाही तर पोहऱ्यात कुठून: विंडोजवर प्रिव्हिलेज ‘सुरू’ केलं, तरी काम अडतंच

प्रिव्हिलेज म्हणजे विंडोजने अकाउंटला दिलेला एखादा खास अधिकार. लक्षणं आधी. यातलं एकही जुळत नसेल तर तुमचं दुखणं वेगळं आहे, पुढे वाचू नका.

• प्रोग्राम अ‍ॅडजस्टटोकनप्रिव्हिलेजेस हे फंक्शन बोलावतो, ते ‘ट्रू’ परत देतं, आणि पुढच्याच ओळीला फाइल किंवा प्रोसेस उघडताना एरर ५ येतो, म्हणजे ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’.
• गेटलास्टएरर (शेवटच्या एररचा आकडा देणारं फंक्शन) १३०० सांगतं: मागितलेली सगळी प्रिव्हिलेजेस तुमच्या नावावर नाहीत.
• किंवा १३१४: या कामाला लागणारं प्रिव्हिलेज तुमच्याकडे नाही.
• हाताने चालवलं की चालतं, टास्क शेड्युलरमधून किंवा सर्व्हिस म्हणून चालवलं की बसतं.
• काल संध्याकाळी चालू करून घरी गेलात, आज सकाळी परत बंद. मधे कोणी हात लावला नाही म्हणे.

हा बिघाड मी बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त केलाय, मशीन रीस्टार्ट करणाऱ्या दोनशे ओळींच्या युटिलिटीत केलाय, प्रोसेसवर नजर ठेवणाऱ्या टूलमध्येही केलाय. लिहिणारे वेगळे, भाषा वेगळ्या (सी प्लस प्लस, सी शार्प, पायथन), पण चूक फिरून फिरून त्याच सहा-सात जागी. त्यामुळे आता क्रम ठरलेला आहे. कोड न उघडता जे दिसतं ते आधी. मग कोड. मग पॉलिसी. ज्याला दुसऱ्या कोणाची परवानगी लागते ते शेवटी.

सुरुवातीला एक गोष्ट डोक्यात बसवून घ्या, नाहीतर पुढच्या तपासण्या नुसत्या पाठ कराल. तुम्ही लॉगऑन करता तेव्हा विंडोज एक टोकन बनवतं. तुम्ही कोण, कुठल्या कुठल्या ग्रुपात आहात आणि कोणती प्रिव्हिलेजेस तुमच्या वाट्याला आहेत, हे सगळं त्यात असतं. तुम्ही सुरू केलेल्या प्रत्येक प्रोसेसला त्याची एक प्रत मिळते. प्रिव्हिलेजेसच्या यादीतली बरीचशी ‘डिसेबल्ड’ असतात, आणि ती मुद्दाम तशी ठेवलेली असतात, म्हणजे प्रोग्रामकडून चुकून काही भलतं होऊ नये. अ‍ॅडजस्टटोकनप्रिव्हिलेजेस एवढंच करतं: यादीत जे आहे ते सुरू करतं, बंद करतं किंवा कायमचं काढून टाकतं. यादीत नसलेलं प्रिव्हिलेज ते आणून देत नाही, कधीच नाही. टोकन हा आड आणि हे फंक्शन पोहरा. निम्म्याहून जास्त वेळा लोक पोहरा दुरुस्त करत बसलेले असतात आणि आड कोरडा असतो.

१. यादी बघा

खर्च शून्य, वेळ अर्धा मिनिट. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘हूअ‍ॅमआय /प्रिव्ह’ द्या. साध्या, न उचललेल्या (म्हणजे ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने न उघडलेल्या) विंडोत बहुतेकांना पाचच ओळी दिसतील: शटडाउन, चेंज नोटिफाय, अनडॉक, इन्क्रीझ वर्किंग सेट आणि टाइम झोन. यातलं चेंज नोटिफाय तेवढं ‘एनेबल्ड’, बाकीची ‘डिसेबल्ड’.

आता ‘डिसेबल्ड’ वाचून घाबरू नका. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका मुलाने हा शब्द पाहिला आणि दिवसभर पॉलिसीच्या खिडक्या उघडत बसला. डिसेबल्ड म्हणजे आडात पाणी आहे, पोहरा सोडायचा बाकी आहे. चांगली बातमी आहे ती. वाईट बातमी म्हणजे ओळच नसणं. तुम्हाला एसईबॅकअपप्रिव्हिलेज हवंय आणि यादीत त्याचं नावच नाही, तर कोडमध्ये काहीही बदललं तरी १३००च येणार. तिसरी तपासणी सोडून थेट दुसरीकडे आणि पाचवीकडे जा.

एक मेख आहे. ही यादी ज्या परिस्थितीत काम अडतंय त्याच परिस्थितीत घ्यायला हवी. तुमच्या टेबलावरच्या विंडोत दिसलेली यादी रात्री दोनला चालणाऱ्या टास्कबद्दल काहीच सांगत नाही. टास्क असेल तर त्याच अकाउंटखाली, त्याच सेटिंग्जवर एक तात्पुरता टास्क बनवा, आणि त्यात हीच कमांड चालवून तिचं उत्तर एखाद्या टेक्स्ट फाइलीत वळवा. प्रोसेस आधीच चालू असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या टूलसंचातलं प्रोसेस एक्सप्लोरर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, प्रोसेसवर डबल क्लिक करा आणि ‘सिक्युरिटी’ टॅब बघा. त्या प्रोसेसच्या टोकनातली प्रिव्हिलेजेस खाली ओळीने लागलेली असतात.

पॉवरशेलचा एक चकवा याच जागी सांगून टाकतो. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या पॉवरशेलमध्ये डीबग प्रिव्हिलेज आधीच ‘एनेबल्ड’ दिसतं, कारण पॉवरशेलने स्वतःच ते सुरू केलेलं असतं. तिथून सुरू केलेल्या प्रोग्रामला ते सुरू अवस्थेतच वारशाने मिळतं. म्हणून पॉवरशेलमधून टेस्ट केलेला प्रोग्राम प्रिव्हिलेज सुरू करायला विसरला असला तरी सुखाने चालतो, आणि तोच कमांड प्रॉम्प्टमधून किंवा टास्कमधून आपटतो. ‘माझ्याकडे तर चालतंय’ या वाक्यामागे पुष्कळदा एवढंच असतं.

२. ‘मी तर अ‍ॅडमिन आहे’

आहात, पण अर्धे. २००७ च्या जानेवारीत व्हिस्टा दुकानात आलं तेव्हापासून यूएसी (यूजर अकाउंट कंट्रोल, ते परवानगी विचारणारं) सोबत आहे, आणि तेव्हापासून अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने लॉगऑन केलं की दोन टोकनं बनतात: एक पूर्ण आणि एक छाटलेलं. रोजचं सगळं छाटलेल्यावर चालतं. मघाच्या पाच ओळी म्हणजेच ते छाटलेलं टोकन. डीबग, बॅकअप, रिस्टोअर, टेक ओनरशिप, लोड ड्रायव्हर यांतलं काहीच त्यात नसतं.

उपाय फुकट आहे. ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने चालवून बघा. चाललं तर दोष सापडला. मग कायमचा इलाज म्हणून प्रोग्रामच्या मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रामला काय लागतं ते विंडोजला सांगणारा मजकूर) ‘रिक्वायरअ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ लिहा. टास्क शेड्युलर असेल तर टास्कच्या पहिल्याच टॅबवर खाली ‘रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस’ हा चौकोन असतो, त्यावर टिक करा. हा चौकोन मी इतक्या जणांना फोनवर दाखवलाय की आता फोन उचलतानाच विचारतो.

याच्यात एक पोटभेद आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. छाटणी फक्त अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचीच होत नाही. साध्या युजरला तुम्ही पॉलिसीतून बॅकअपसारखं जड प्रिव्हिलेज दिलंत, किंवा त्याला ‘बॅकअप ऑपरेटर्स’ ग्रुपात टाकलंत, तर त्याचंही टोकन छाटलं जातं. म्हणजे पॉलिसीत नाव दिसतंय, लॉगऑफ-लॉगऑन झालंय, आणि यादीत ओळ नाही. अशा युजरसाठी मॅनिफेस्टमध्ये ‘हायेस्टअव्हेलेबल’ लिहायचं. ‘रिक्वायरअ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ लिहिलंत तर विंडोज त्याच्याकडे अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागेल, आणि तुम्ही ज्याच्यासाठी खटाटोप केला तो माणूस बाहेरच राहील.

आणि हो, यूएसी बंद करून टाकणे हा इलाज नव्हे. तापाला थर्मामीटर फोडण्यातला प्रकार आहे तो.

३. कोड

यादीत ओळ आहे, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलंय, तरी अडतंय. आता एडिटर उघडा.

पहिली नजर परत येणाऱ्या ‘ट्रू’कडे. हे फंक्शन १३०० च्या वेळीही ‘ट्रू’ देतं. त्याचा अर्थ ‘अर्ज मिळाला’ एवढाच घ्यायचा. मंजूर झाला की नाही हे गेटलास्टएरर सांगतं. शून्य म्हणजे सगळं सुरू झालं, १३०० म्हणजे काही किंवा सगळीच राहिली. आणि ते लगेच, म्हणजे अगदी पुढच्याच ओळीला विचारायचं, कारण मधे दुसरं कुठलंही विंडोज फंक्शन आलं की तो आकडा बदलू शकतो.

याचा मला चांगलाच फटका बसलाय. एका सीएच्या ऑफिसात आमचं बॅकअपचं सॉफ्टवेअर होतं. सर्व्हरवर एक फोल्डर असा, की ज्याच्या परवानग्यांतून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्ससुद्धा काढलेले, फक्त दोन भागीदारांना दिसणारा. असा फोल्डर वाचायला बॅकअप प्रिव्हिलेज लागतं. रोज रात्री लॉगमध्ये ओळ यायची: ‘बॅकअप प्रिव्हिलेज सुरू झालं’. ऑडिटच्या हंगामात त्यांनी तो फोल्डर परत मागितला, आणि आमच्याकडे निघाला रिकामा. आत एक फाइल नाही.

कोड सी प्लस प्लसमधला. अ‍ॅडजस्टची ओळ, तिच्याखाली कोणीतरी हौसेने टाकलेली लॉगची ओळ, आणि तिच्याखाली गेटलास्टएरर १३०० आहे का हे बघणारी ओळ. लॉगचं फंक्शन प्रत्येक ओळीला फाइल नव्याने उघडायचं, ‘ओपन ऑलवेज’ या पद्धतीने. या पद्धतीत फाइल आधीपासून असेल तर विंडोज ती उघडून देतं, पण जाता जाता लास्ट एरर १८३ करून ठेवतं, म्हणजे ‘ही आधीच आहे’. मग तपासणीला १३०० च्या जागी १८३ दिसायचे. १८३ म्हणजे १३०० नव्हे, म्हणजे सगळं ठीक. असं चार महिने ‘ठीक’ चाललं होतं. लॉगची ती ओळ एका जागेने खाली सरकवली आणि त्याच रात्री खरा १३०० दिसला. तो मुळात का आला होता ते सहाव्या तपासणीत येईल.

भाषेप्रमाणे या आकड्याची काळजी वेगळी घ्यावी लागते. सी शार्पमध्ये डीएलएलइम्पोर्टला ‘सेटलास्टएरर’ ट्रू करून मार्शलच्या गेटलास्टविन३२एररने विचारायचं. पायथनच्या सीटाइप्समध्ये डीएलएल ‘यूज_लास्ट_एरर’ ट्रू देऊन उघडायची. पायविन३२ वापरत असाल तर १३०० ला एक्सेप्शन येईल अशी वाट बघू नका, येत नाही. स्वतः विचारावं लागतं.

दुसरी नजर स्ट्रक्चरकडे, आणि सी शार्पवाल्यांनी इथे नीट थांबावं. टोकन_प्रिव्हिलेजेस हे स्ट्रक्चर एका प्रिव्हिलेजसाठी १६ बाइटचं असतं: संख्येचे ४, एलयूआयडीचे (प्रिव्हिलेजच्या ओळख-आकड्याचे) ८, अ‍ॅट्रिब्यूटचे ४. एलयूआयडी ८ बाइटचा, म्हणून लोक तो सरळ ‘लाँग’ लिहून मोकळे होतात. पण खरा एलयूआयडी म्हणजे चार-चार बाइटचे दोन तुकडे. ‘लाँग’ लिहिलं आणि ‘पॅक’ सांगितलं नाही की कंपायलर संख्येनंतर ४ बाइट रिकामे सोडतो, आणि स्ट्रक्चर २४ बाइटचं होतं. विंडोज मात्र १६ च्या हिशेबानेच वाचतं. डीबग प्रिव्हिलेजचा आकडा २०. विंडोजला पहिल्या तुकड्यात दिसतं शून्य, दुसऱ्यात २०, आणि अ‍ॅट्रिब्यूटच्या जागी पुन्हा शून्य. असं प्रिव्हिलेजच अस्तित्वात नाही, म्हणून १३००. यादीत ओळ ढळढळीत दिसतेय, प्रोग्राम अ‍ॅडमिन म्हणून चाललाय आणि तरी १३००, असं असेल तर मी आधी हेच बघतो. ‘पॅक’ ४ करा, किंवा एलयूआयडी दोन फील्डांचा लिहा.

बाकीच्या चुका भराभर सांगतो. प्रिव्हिलेजकाउंट भरायचं राहिलं, मग फंक्शन शून्य प्रिव्हिलेजेस सुरू करून ‘ट्रू’ देतं आणि लास्ट एररही शून्य. दुसरा आर्ग्युमेंट, डिसेबलऑलप्रिव्हिलेजेस, ‘ट्रू’ दिला. नाव पूर्ण वाचा, सगळं बंद होतं आणि तुमच्या यादीकडे ते बघतही नाही. अ‍ॅट्रिब्यूटमध्ये २ हवा, तिथे शून्य राहिला की तेही बंदच. ओपनप्रोसेसटोकनला ‘टोकन_क्वेरी’ दिलं पण ‘टोकन_अ‍ॅडजस्ट_प्रिव्हिलेजेस’ राहिलं. यावेळी मात्र फंक्शन प्रामाणिकपणे ‘फॉल्स’ देतं आणि एरर ५. आधीची अवस्था परत हवी असेल तर ‘टोकन_क्वेरी’ही लागतं, आणि ती परत घ्यावीच: काम झालं की जसं होतं तसं करून ठेवा.

लुकअपप्रिव्हिलेजव्हॅल्यू १३१३ देत असेल तर नाव चुकलंय. बहुतेकदा कॉन्स्टंटचं नावच अवतरणात टाकलेलं असतं. कधी कधी नाव बरोबर असतं पण ते प्रिव्हिलेजच नसतं: ‘लॉगऑन अ‍ॅज अ सर्व्हिस’ हा अकाउंट राइट आहे, तो टोकनाच्या या यादीत कधी येत नाही.

४. कोणाचं टोकन?

हे फक्त सर्व्हर-छाप प्रोग्रामांसाठी. साधं टूल असेल तर पुढे जा. सर्व्हिस क्लायंटच्या वतीने काम करते तेव्हा थ्रेडवर क्लायंटचं टोकन चढवलेलं असतं, याला इम्पर्सनेशन म्हणतात. अशा वेळी विंडोज परवानगी थ्रेडच्या टोकनावरून ठरवतं आणि प्रोसेसचं टोकन बाजूला राहतं. तुम्ही प्रोसेसच्या टोकनात बॅकअप सुरू केलंत, १३०० नाही, सगळं छान, आणि फाइल उघडताना ५.

म्हणून आधी ओपनथ्रेडटोकन बोलवा. १००८ आला, म्हणजे थ्रेडवर टोकनच नाही, तरच प्रोसेसकडे वळा. बाहेरून ओळखायचं असेल तर सिसइंटर्नल्सचं प्रोसेस मॉनिटर लावा. अडणाऱ्या ओळीच्या ‘डीटेल’ रकान्यात ‘इम्पर्सनेटिंग’ आणि पुढे युजरचं नाव दिसलं की समजा.

५. पॉलिसी

यादीत ओळ नाही आणि छाटणीचंही कारण नाही, म्हणजे ते प्रिव्हिलेज त्या अकाउंटला दिलेलंच नाही. ‘सेकपॉल डॉट एमएससी’ उघडा, लोकल पॉलिसीज, त्यात युजर राइट्स असाइनमेंट. विंडोज होममध्ये ही खिडकीच नसते, तिथे शोधत बसू नका. नावं कोडमधल्यासारखी नसतात: एसईडीबगप्रिव्हिलेज म्हणजे ‘डीबग प्रोग्राम्स’, एसईबॅकअपप्रिव्हिलेज म्हणजे ‘बॅक अप फाइल्स अँड डिरेक्टरीज’, एसईलॉकमेमरीप्रिव्हिलेज म्हणजे ‘लॉक पेजेस इन मेमरी’. हे शेवटचं सुरुवातीला कोणालाच दिलेलं नसतं, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्सनाही नाही. मोठी पेजेस मागणारे प्रोग्राम १३१४ ला अडकतात ते त्यामुळे.

नाव घातल्यावर लॉगऑफ करून परत लॉगऑन करा, कारण टोकन लॉगऑनच्या क्षणी बनतं आणि नंतर त्यात भर पडत नाही. स्क्रीन लॉक करून उघडणं म्हणजे लॉगऑफ नव्हे. रिमोट डेस्कटॉपची खिडकी फुलीवर बंद करणंही नव्हे. सर्व्हिस असेल तर ती रीस्टार्ट केली की नवं टोकन मिळतं.

आता ते ‘काल चालू, आज बंद’. मशीन डोमेनमध्ये (ऑफिसच्या एकाच ताब्याखालच्या मशीनच्या जाळ्यात) असेल आणि तोच राइट ग्रुप पॉलिसीत, म्हणजे सगळ्या मशीनसाठीच्या नियमांत, वरून ठरवलेला असेल, तर वरची यादी तुमच्या यादीत मिसळत नाही, तिच्यावर बसते. तुम्ही घातलेलं नाव ती पुन्हा लादली जाते तेव्हा पुसलं जातं. पॉलिसीची फेरी साध्या मशीनवर ९० मिनिटांनी, अधिक शून्य ते तीस मिनिटं इकडेतिकडे. आणि सिक्युरिटीची सेटिंग्ज तर काही बदललं नसलं तरी १६ तासांनी पुन्हा लादली जातात. संध्याकाळी सहाला केलेलं सकाळी दहाच्या आत गेलेलं असतं ते यामुळे. ‘जीपीरिझल्ट /एच’ने रिपोर्ट काढा, कुठली पॉलिसी जिंकतेय ते त्यात नावासकट येतं. ते नाव कागदावर लिहून घ्या, लागणार आहे.

६. सर्व्हिस

सीएच्या ऑफिसातला १३०० इथून आला होता. आमची सर्व्हिस मुळात लोकलसिस्टम अकाउंटवर चालायची, ज्याच्याकडे जवळपास सगळंच असतं. त्यांच्या आयटीवाल्याने सुरक्षेसाठी ती एका मर्यादित अकाउंटवर हलवली. विचार चांगलाच होता. सर्व्हिसेसच्या खिडकीत अकाउंट बदललं की विंडोज त्याला ‘लॉगऑन अ‍ॅज अ सर्व्हिस’ आपोआप देतं, त्यामुळे सर्व्हिस निमूट सुरू झाली आणि सगळ्यांना वाटलं झालं काम. बॅकअप प्रिव्हिलेज मात्र कोणी आपोआप देत नाही. पॉलिसीत दोन नावं घातली (बॅकअप आणि रिस्टोअर), सर्व्हिस रीस्टार्ट केली, संपलं.

दुसरी शक्यता: अकाउंटकडे प्रिव्हिलेज आहे, पण सर्व्हिसनेच ‘मला इतकीच पुरेत’ असं सांगून ठेवलंय. व्हिस्टापासून ही सोय आहे. ‘एससी क्यूप्रिव्ह्ज’ आणि पुढे सर्व्हिसचं नाव दिलं की यादी दिसते. यादी असेल तर तिच्यात नसलेलं प्रिव्हिलेज सर्व्हिस सुरू होतानाच टोकनातून काढलं जातं. यादी रिकामी असेल तर काही काढलं जात नाही. बदल ‘एससी प्रिव्ह्ज’ने होतो, पण ते जुन्या यादीत भर घालत नाही, नवीच यादी लिहितं. आधीची सगळी नावं पुन्हा द्या, नाहीतर एक दुरुस्त करताना तीन बिघडतील.

७. सुरू झालं, पण वापरलं कोणी?

यादीत ‘एनेबल्ड’, गेटलास्टएरर शून्य, आणि तरी एरर ५. मला स्वतःला सगळ्यात आवडणारी जागा ही, कारण इथे कोणाचीच चूक दिसत नाही.

बॅकअप प्रिव्हिलेज नुसतं सुरू असून भागत नाही. क्रिएटफाइलला ‘फाइल_फ्लॅग_बॅकअप_सिमँटिक्स’ द्यावा लागतो. तो नसेल तर विंडोज प्रिव्हिलेजकडे न बघता नेहमीच्या परवानग्या तपासतं. पायथनचं साधं ‘ओपन’ किंवा डॉटनेटचं फाइलस्ट्रीम हा झेंडा लावत नाही. प्रिव्हिलेज सुरू करून त्यांच्याने फाइल वाचायला गेलात तर पाचच येणार. प्रोसेस मॉनिटरमध्ये त्याच ‘डीटेल’ रकान्यात ‘ओपन फॉर बॅकअप’ दिसतंय का बघा. पडताळ्यासाठी उचललेल्या प्रॉम्प्टमधून तोच फोल्डर रोबोकॉपीने ‘/बी’ देऊन कॉपी करा. ती बॅकअपच्या वाटेने जाते. तिला जमलं आणि तुम्हाला नाही, तर झेंडाच राहिलाय. एरर ३२ आला तर विषय वेगळा: फाइल कोणीतरी धरून ठेवलीय, तिथे प्रिव्हिलेज कामाचं नाही, शॅडो कॉपी (विंडोजने घेतलेली त्या क्षणाची प्रत) लागते.

फाइल नेटवर्क शेअरवर असेल तर तुमच्या मशीनवरचं प्रिव्हिलेज तिथे चालत नाही. निर्णय सर्व्हरवर होतो, राइटही सर्व्हरवरच हवा.

डीबगचं वेगळं. ते सुरू असलं की दुसऱ्याच्या प्रोसेसेस उघडता येतात, पण संरक्षित प्रोसेसेस नाही. सीएसआरएसएस ही विंडोजची स्वतःची प्रोसेस पूर्ण हक्कांनी उघडायला गेलात तर ५ मिळणारच, आणि तो बिघाड नाही, बंदोबस्त आहे. प्रोसेसचं नाव-गाव तेवढंच हवं असेल तर ‘प्रोसेस_क्वेरी_लिमिटेड_इन्फर्मेशन’ मागा. फार मागायची खोड हेच पुष्कळ ठिकाणी मूळ असतं.

आणि क्रिएटप्रोसेसअ‍ॅजयूजर १३१४ देत असेल, तर त्याला दोन प्रिव्हिलेजेस लागतात, प्रायमरी टोकन नेमण्याचं आणि कोटा वाढवण्याचं. साध्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे पहिलं नसतं. युजरचा पासवर्ड हाताशी असेल तर क्रिएटप्रोसेसविथलॉगऑन वापरा, तिला ही भानगड नाही.

इथे थांबा

पुढच्या जागी मी स्वतः हात काढून घेतो, तुम्हीही घ्या.

जीपीरिझल्टमध्ये वरची पॉलिसी जिंकतेय आणि डोमेन तुमच्या ताब्यात नाही: डोमेन अ‍ॅडमिनला बोलवा. दर तासाला नाव परत घालणारी स्क्रिप्ट लावू नका. असा जुगाड मी एका ठिकाणी पाहिलाय. तो सापडला तेव्हा लावणाऱ्याला आधी सुरक्षा विभागापुढे बसावं लागलं, बिघाडाची गोष्ट नंतर.

मशीन स्वतःच डोमेन कंट्रोलर (डोमेनचा कारभार बघणारा सर्व्हर) आहे: युजर राइट्सला हातच लावू नका. तिथे एक नाव चुकीच्या ‘डिनाय’ ओळीत पडलं तर अख्खं ऑफिस बाहेर राहतं, तुमच्यासकट.

अँटिव्हायरसने तुमच्या प्रोग्रामला एलएसएएसएस (लॉगऑन आणि पासवर्ड सांभाळणारी विंडोजची प्रोसेस) उघडताना पकडलं: लगेच थांबा, पुन्हा पुन्हा चालवून बघू नका. डीबग प्रिव्हिलेज सुरू करून एलएसएएसएसमध्ये शिरणं ही पासवर्ड चोरणाऱ्या मिमीकॅट्झची ओळखीची चाल आहे, तिची पहिली कमांडच ‘प्रिव्हिलेज::डीबग’. तुमचा हेतू कितीही स्वच्छ असला तरी पलीकडे बसलेल्याला तेच दिसतं. सुरक्षावाल्यांना स्वतःहून फोन करा.

कोणी ‘अ‍ॅक्ट अ‍ॅज पार्ट ऑफ द ऑपरेटिंग सिस्टम’ किंवा ‘क्रिएट अ टोकन ऑब्जेक्ट’ देऊन टाका म्हणालं, किंवा सर्व्हिस परत लोकलसिस्टमवर न्या म्हणालं, तर तेही देऊ नका. घराच्या एका खोलीचं कुलूप अडलं म्हणून कोणी भिंत पाडत नाही.

आणि सातही तपासण्या झाल्या, बाकीच्या मशीनवर तोच प्रोग्राम चालतोय आणि एकाच मशीनवर ५ येतोय, तर मधे एखादा फिल्टर ड्रायव्हर (फाइलींच्या मागण्या मधेच तपासणारा) किंवा सुरक्षेचं सॉफ्टवेअर बसलेलं असण्याची शक्यता मोठी. ते ज्या कंपनीचं असेल तिच्या सपोर्टकडे द्या. देताना ‘चालत नाही’ एवढंच कळवू नका. त्याच अकाउंटखाली घेतलेली हूअ‍ॅमआयची यादी, अडलेल्या क्षणाची प्रोसेस मॉनिटरची नोंद, जीपीरिझल्टचा रिपोर्ट, आणि ऑडिट चालू असेल तर सिक्युरिटी लॉगमधले ४६७२ आणि ४७०३ हे इव्हेंट. पहिला लॉगऑनला कोणती जड प्रिव्हिलेजेस मिळाली ते सांगतो, दुसरा विंडोज १० पासून कोणती सुरू-बंद झाली ते. ४७०३ चा पाऊस पडतो, म्हणून बिघाडाची वेळ सेकंदासकट लिहून द्या.